नोटीस आली त्या दिवशी वकील हवा होता

ओळखीतल्या एका ताईंना काही वर्षांपूर्वी वकिलाची नोटीस आली. कारखान्याचं सांडपाणी थेट ओढ्यात सोडलं जातंय, असं त्यांनी फोटोंसह लिहिलं होतं, रीतसर तक्रारही केली होती. नोटीस चार पानांची. सात दिवसांत बिनशर्त लेखी माफी मागा, मजकूर काढून टाका, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा लावू. रक्कम आकड्यांत आणि खाली अक्षरी. त्या अक्षरी रकमेवर बोट ठेवून ताई मला विचारत होत्या, "अगं, एवढे मी आणायचे कुठून?" मी शेजारी बसले होते आणि मलाही काही सुचत नव्हतं. सहाव्या दिवशी त्यांनी मजकूर काढून टाकला.

ओढ्याचं पाणी खरंच नासत होतं का, याचा निवाडा झालाच नाही. दावासुद्धा लावावा लागला नाही. चार पानांत काम झालं.

नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, तिला उत्तर देता येतं, केलेलं विधान खरं असणं हाच मोठा बचाव असतो, हे मला फार उशिरा कळलं. एखाद्या जाणत्या वकिलाने तेव्हा अर्धा तास दिला असता तर ताईंचा तो आठवडा वेगळा गेला असता. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

अशा दाव्यांना इंग्रजीत 'स्लॅप' म्हणतात. अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठातल्या जॉर्ज प्रिंग आणि पेनेलोपी कॅनन या दोन प्राध्यापकांनी १९८०च्या दशकात हे नाव दिलं. लोक सार्वजनिक प्रश्नावर बोलतात म्हणून त्यांना कोर्टात खेचायचं. दावा जिंकायचाच असतो असं नाही. समोरच्याचा पैसा, वेळ आणि झोप संपली की हेतू साध्य होतो. 'खरं असेल तर घाबरायचं कशाला?' असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की, खरं बोलणाऱ्यालाही वकीलपत्र द्यावं लागतं आणि प्रत्येक तारखेला हजर राहावं लागतं.

यातलं सगळ्यात बोलकं प्रकरण लंडनचं आहे. मॅकडोनाल्ड्सवर टीका करणारी पत्रकं वाटली म्हणून कंपनीने १९९०मध्ये पाच जणांवर बदनामीचा दावा लावला. तिघांनी माफी मागितली. हेलन स्टील आणि डेव्हिड मॉरिस या दोघांनी नाही मागितली. ती कधी बारमध्ये अर्धवेळ काम करायची, तर कधी तिला कामच नसायचं. तो पूर्वी टपाल खात्यात होता, आता बेकार, आणि एकट्याने मूल वाढवणारा. बदनामीच्या खटल्यांना तिथे सरकारी कायदेविषयक मदत मिळतच नव्हती. मग ही दोघं स्वतःच उभी राहिली. काही वकिलांनी फुकट सल्ला दिला, त्यांत तेव्हा तरुण असलेले, पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले कीर स्टार्मर होते. पण रोज उठून उलटतपासणी करायची ती या दोघांनीच.

सुनावणीचे दिवस भरले ३१३. कागदपत्रांची पानं चाळीस हजारांच्या घरात, साक्षीदार सुमारे १३०. समोर कंपनीच्या वकिलांची अनुभवी फौज. १९९७मध्ये निकाल लागला. काही आरोप खरे ठरले, बरेच सिद्ध झाले नाहीत, आणि नुकसानभरपाईचा हुकूम निघाला तो या दोघांवर. मग ती दोघं स्ट्रासबूर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेली. फेब्रुवारी २००५मध्ये त्या न्यायालयाने सांगितलं की, एवढ्या गुंतागुंतीच्या खटल्यात या दोघांना कायदेविषयक मदत नाकारून ब्रिटनने त्यांचा न्याय्य सुनावणीचा आणि अभिव्यक्तीचा हक्क डावलला. कंपनीला आपलं नाव जपण्यासाठी कोर्टात जाता येईल, पण मग दोन्ही बाजूंना लढायची साधनं साधारण बरोबरीची हवीत, असा त्याचा मथितार्थ. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. वकील मिळणं ही कुणाची मेहेरबानी नाही. तो नसेल तर त्या खटल्याला खटला म्हणायचं तरी कसं?

पण पत्रक काढल्यापासून त्या निकालापर्यंत किती वर्षं गेली, तेही बघा. सगळ्यांना एवढं सोसवत नाही, आणि सोसावं अशी अपेक्षाही कुणी करू नये.

पेरूमधल्या माक्सिमा आकुन्या या शेतकरी बाईंना लिहिता-वाचता येत नाही. यानाकोचा या सोन्याच्या खाणीच्या कंपनीने त्यांच्यावर जमीन बळकावल्याचा खटला भरला. जमीन कुठली, तर ज्यावर त्यांचं कुटुंब राहत होतं आणि शेती करत होतं तीच. खालच्या कोर्टात त्यांना शिक्षाही झाली. त्यांच्या बाजूने मिर्ता वास्केस ही वकील चिवटपणे उभी राहिली. डिसेंबर २०१४मध्ये अपिलात माक्सिमा निर्दोष सुटल्या आणि २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. (या मिर्ता वास्केस पुढे २०२१मध्ये पेरूच्या पंतप्रधान झाल्या.) एक वकील शेवटपर्यंत सोबत राहिली म्हणून ही बाई आपल्या जमिनीवर राहू शकली.

होंडुरासमध्ये बेर्ता कासेरेस यांनी ग्वालकार्के नदीवरच्या धरणाला विरोध केला. आधी खटले, मग धमक्या, आणि २ मार्च २०१६च्या रात्री त्यांच्या घरात घुसून खून. गोळ्या घालणाऱ्यांवर प्रकरण मिटवणं सोपं होतं. पण घरच्यांनी आणि त्यांच्या संघटनेने वकिलांसह पाठपुरावा सोडला नाही. २०१८मध्ये सात जण दोषी ठरले आणि २०२१मध्ये धरणाच्या कंपनीचा माजी प्रमुखही. 'ग्लोबल विटनेस' या अशा खुनांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेप्रमाणे २०२३ या एका वर्षात जगभरात जमीन आणि पर्यावरण राखणाऱ्या किमान १९६ जणांचे खून झाले. माणूस गेल्यावर आपण मेणबत्त्या लावतो, लेख लिहितो. त्याच माणसाच्या तारखांना मात्र कुणी गेलेलं नसतं.

कायदे अगदीच नाहीत असं नाही. मुख्यतः युरोपीय देशांच्या १९९८च्या आऱ्हूस करारात पर्यावरणाच्या प्रश्नावर कोर्टात जाण्याचा खर्च आवाक्याबाहेरचा नसावा, असं स्पष्ट कलम आहे. लॅटिन अमेरिकेचा एस्काझू करार एप्रिल २०२१पासून लागू झाला, त्यात पर्यावरणरक्षकांना संरक्षण देणं देशांवर बंधनकारक आहे. युरोपीय संघाने २०२४मध्ये स्लॅपविरोधी निर्देश काढला. उघड निराधार दावा सुरुवातीलाच फेटाळता यावा, ही त्यातली तरतूद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सुरुवातीलाच, हा शब्द महत्त्वाचा. आठ वर्षांनी निर्दोष सुटलेल्या माणसाची ती आठ वर्षं कोण भरून देणार?

पण करार कागदावर असतो आणि पोलीस दारात. अटकेच्या पहिल्या काही तासांत काय होतं यावर पुढचं फार काही ठरतं. कुठल्या कागदावर सही केली, कलमं कुठली लावली, जामिनाचा अर्ज कधी गेला. तेव्हा फोन उचलणारा वकील लागतो. त्यानंतरचा खर्च इतका नीरस असतो की त्यासाठी पैसे मागताना लोकांना संकोच वाटतो. झेरॉक्स, प्रमाणित नकला, भाषांतरं, पाण्याच्या नमुन्यांची तपासणी, साक्षीदारांचा प्रवास, बुडालेली मजुरी. फुकट लढणारे वकील देवासारखे धावून येतात, पण त्यांनाही घर चालवायचं असतं. दहाव्या तारखेनंतर ते दमले तर त्यांना बोल लावू नये. त्यांना दरमहा मानधन मिळेल अशी सोय करावी, ती न करण्यात चूक आपली आहे. शिवाय अशीलाची बाजू मांडली म्हणून वकिलालाच त्या पक्षाचा समजून त्रास दिला जातो. असं होता कामा नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या वकिलांविषयीच्या १९९०च्या तत्त्वांत लिहून ठेवलेलं आहे.

माझ्या यादीत बरेच वकील आहेत, म्हणून ही पोस्ट. महिन्याकाठी एक नोटीस वाचून तिचा अर्थ साध्या भाषेत समजावून सांगायला अर्धा तास देऊ शकणाऱ्यांनी मला मेसेज करा. खटला घ्यायची सक्ती नाही. आणि वकील नसलात तरी तारखेला सोबत जाऊन बसता येतं. ताई मला नंतर म्हणाल्या होत्या, "पैशाचं नंतर बघता आलं असतं गं, पण त्या सात दिवसांत मी फार एकटी होते."