ध्यान करा हो, पण बीपीची गोळी का बंद करताय?

"पहाटे 4 ला उठून रोज 20 मिनिटं माइंडफुलनेस (श्वासाकडे लक्ष देत ध्यान), 21 दिवसांत बीपीची गोळी कायमची बंद, हार्टचे ब्लॉकेज आपोआप मोकळे, आपण मेंदू 10 टक्केच वापरतो, ध्यानाने तो वाढतो, हार्वर्डने सिद्ध केलंय." हा फॉरवर्ड सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. एरवी मी असलं काही बघून सोडून देते, पण वर्तकनगरच्या आमच्या मामींनी तो वाचून गोळीच सोडली, आणि वर मलाच सांगतात, अगं काही होत नाहीये, उलट छान वाटतंय.

मामी, बीपी वाढलं तरी काही होत नाही हीच तर गोची आहे! बहुतेकांना पत्ताही लागत नाही आणि आत हृदय, किडनी, रक्तवाहिन्या सगळ्याची वाट लागत असते. त्यात मामींची गोळी मेटोप्रोलॉल, म्हणजे बीटा ब्लॉकर, हृदयाचे ठोके मंदावणारी. ती एकदम तोडली तर ठोके नि बीपी उसळी मारू शकतात, ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे त्यांना अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), अगदी अटॅकसुद्धा येऊ शकतो, म्हणून बंद करायचीच असेल तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला तुमची गोळी कुठली हे तरी माहितीये का?

अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 मध्ये ध्यान आणि हृदयरोग यावरचे अभ्यास तपासून निवेदन काढलं. त्यांचं म्हणणं, फायदा होत असेलही, पण पुरावे बेताचे आहेत, तेव्हा नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून करायला हरकत नाही. जोड म्हणून! गोळीऐवजी नाही. आणि ब्लॉकेज म्हणजे काय मोरीत अडकलेला केर आहे का? धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं साठलेली चरबी नि कॅल्शियम आहे ते, श्वासाकडे लक्ष दिल्याने कुठे जाणार?

शांत बसलं की ठोके मंदावतात, ताण उतरतो, बीपी थोडं खाली येऊ शकतं, हे मान्य. करावंच लागेल.

मेंदू वाढतो म्हणतात ते बहुतेक 2011 च्या अभ्यासावरून. 8 आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स केलेली माणसं किती, तर 16. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी सांभाळणाऱ्या भागात, ग्रे मॅटर (मेंदूच्या पेशींचा करडा भाग) वाढलेलं दिसलं. पुढे 2022 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या टीमने तसाच कोर्स घेऊन 200 हून जास्त लोक तपासले, तर मेंदूच्या रचनेत काही फरक सापडला नाही. आणि ही ध्यानाला नावं ठेवणारी मंडळी नाहीत, कित्येक वर्षं ध्यानावरच काम करतायत. पण हे कोण फॉरवर्ड करणार!

आपण मेंदू 10 टक्केच वापरतो, ही जुनीच थाप. राहिली पहाटे 4 ची अट. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून रात्री 11 ला घरी पोचणाऱ्या माणसाने 4 ला उठायचं म्हणजे रोजच झोपेचं खोबरं, आणि अशी अपुरी झोप तर स्वतःच बीपी वाढवते.