वॉरंटीत बदललेल्या पार्टची वॉरंटी नव्याने सुरू होत नाही

‘गाडीचा कोणताही पार्ट वॉरंटीत बदलून मिळाला की त्या पार्टची वॉरंटी त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. म्हणून वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी शोरूमला जा, जमतील तेवढे पार्ट बदलून घ्या आणि एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे वाचवा.’ हा मेसेज सध्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याला शेपूट म्हणून आणखी चार गोष्टी जोडल्यात: जुना पार्ट मागून घ्या, तो तुमच्या मालकीचा; क्लच प्लेट आणि ब्रेक पॅडही फुकट बसतात; कागद जपायची गरज नाही, सगळं कंपनीच्या कॉम्प्युटरवर असतं; आणि बाहेरच्या गॅरेजला हात लावू दिला की अख्खी वॉरंटी रद्द. आमच्या आत्याने यावर विसंबून एक्स्टेंडेड वॉरंटीला, म्हणजे जादा पैसे भरून वाढवून मिळणाऱ्या वॉरंटीला, नाही म्हणून सांगितलं. तिच्या गाडीची मूळ वॉरंटी संपायला तीन आठवडे उरलेत, म्हणून घाईने लिहितोय.

पहिला मुद्दा साफ खोटा आहे, आणि सगळं नुकसान त्यातच आहे. गाडीबरोबर मिळालेली वॉरंटीची पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढा. बदललेल्या पार्टबद्दलचं कलम जवळपास प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत असतं, आणि त्याचा अर्थ एकच: वॉरंटीखाली बसवलेल्या पार्टला मूळ वॉरंटीचा जो काळ उरला असेल तेवढाच लागू. नवीन घड्याळ सुरू होत नाही.

हिशेब करून बघा. गाडी 10 जून 2023 ला ताब्यात घेतली, वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. 10 एप्रिल 2026 ला स्टिअरिंग रॅक बदलून मिळाला. त्या नव्याकोऱ्या रॅकची वॉरंटी 9 जून 2026 ला संपली, म्हणजे जेमतेम दोन महिने. रॅक बदलला त्या दिवशी मीटरवर 98 हजार किलोमीटर असतील, तर तेवढेही नाहीत. सांगली-पुणे जाऊन-येऊन साधारण पावणेपाचशे किलोमीटर होतात. चार फेऱ्या झाल्या की विषय संपला.

हा गैरसमज कुठून आला ते कळतं, आणि तेवढं अर्धसत्य मान्य करायला हवं. वॉरंटी संपल्यावर तुम्ही स्वतः पैसे मोजून अधिकृत वर्कशॉपमधून पार्ट विकत घेऊन बसवला, तर त्या पार्टला बहुतेक कंपन्या स्वतंत्र वॉरंटी देतात: ठरावीक महिने किंवा किलोमीटर. ती बिलावर किंवा बिलाच्या पाठीमागे छापलेली असते. मेसेज लिहिणाऱ्याने विकत घेतलेला पार्ट आणि फुकट मिळालेला पार्ट एकाच माळेत ओवलेत.

‘जमतील तेवढे पार्ट बदलून घ्या’ हेही चुकीचंच. वॉरंटी असते ती बनावटीतल्या किंवा मालातल्या दोषासाठी. पार्ट दुरुस्त करायचा की बदलायचा हेही पुस्तिकेप्रमाणे कंपनी ठरवते. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर खड्ड्यात आदळून चाकाला धरणारा लोअर आर्म वाकला, तर तो दोष नव्हे, आघात. 2019 आणि 2021 च्या पुरासारखं पाणी इंजिनात शिरलं तर प्रकरण विम्याचं, तेही इंजिन प्रोटेक्शनचं जोड कव्हर घेतलं असेल तरच नीट सुटणारं.

आता मेसेजमध्ये ज्याचा पत्ताच नाही, ते. बदललेला पार्ट वॉरंटी संपल्यावर पुन्हा बिघडला तर हात वर करायचे का? तसं नाही. तिथे प्रश्न पार्टच्या वॉरंटीचा उरत नाही, दुरुस्ती नीट झाली होती का, याचा होतो. एसीचा कॉम्प्रेसर घ्या. तो आतून झिजून बंद पडला की धातूचा बारीक कीस सगळ्या पाइपांत आणि कंडेन्सरमध्ये पसरतो. वर्कशॉपने फक्त कॉम्प्रेसर बदलला आणि गॅस भरून गाडी दिली, तर तोच कीस नव्या कॉम्प्रेसरमध्ये जातो आणि काही महिन्यांत तोही जातो. म्हणून दुरुस्तीनंतर गाडी परत घेताना विचारा: लाइन फ्लश केली का, म्हणजे पाइप आतून धुतले का? गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर नवा बसवला का? बऱ्याच गाड्यांत तो कंडेन्सरलाच जोडलेला असतो, मग कंडेन्सर बदलला का? गॅसचा प्रवाह नियंत्रित करणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह तपासला का? गॅस भरण्याआधी पाइपांतली हवा ओढून व्हॅक्यूम किमान अर्धा तास धरला का? गॅस किती ग्रॅम भरला? हा आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो, तो बिलाशी ताडून बघा. यातलं काही राहिलं असेल आणि कागदावर तसं दिसत असेल, तर ती सदोष दुरुस्ती. ग्राहक संरक्षण कायदा 2019 तिला सेवेतली त्रुटी म्हणतो, आणि मूळ वॉरंटीची तारीख उलटली म्हणून ती माफ होत नाही.

त्यामुळे ‘कागद जपायची गरज नाही’ हा मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. कॉम्प्युटरवर असतं ते वर्कशॉपने जे टाइप केलं तेवढंच. आत्याच्या गाडीचं मागचं जॉबकार्ड (गाडी ताब्यात घेताना वर्कशॉप तक्रारी लिहितं तो कागद) बघा. तिने सांगितलं होतं, ‘साठच्या पुढे गेलं की पुढच्या चाकातून हुं-हुं आवाज येतो.’ जॉबकार्डवर लिहिलंय: ‘जनरल चेकअप’. उद्या तो व्हील बेअरिंग वॉरंटी संपल्यावर गेला, तर तक्रार आधीची आहे याचा पुरावा शून्य. सही करण्याआधी तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायची: ‘60 च्या वर पुढच्या डाव्या बाजूने आवाज, उजवीकडे वळताना वाढतो.’ हे शेवटचे शब्द महत्त्वाचे. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणून आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर. असं नेमकं लिहिलं की ‘आवाज आढळला नाही’ म्हणून परत पाठवणं अवघड जातं.

पार्ट स्टॉकमध्ये नाही, पुढच्या महिन्यात या, असं सांगितलं आणि दरम्यान वॉरंटी संपणार असेल, तर जॉबकार्ड आजच उघडायला लावा. त्यावर तारीख, मीटरचं रीडिंग आणि ‘वॉरंटीत मंजूर, पार्टची प्रतीक्षा’ एवढं लिहून घ्या. पार्ट बसला की शून्य रकमेचं असलं तरी बिल मागा, त्यावर पार्ट नंबर हवा.

बाकीचे मुद्दे चटकन. वॉरंटीत काढलेला जुना पार्ट कंपनीचा होतो, तो तपासणीसाठी परत जातो. पैसे देऊन केलेल्या कामात मात्र जुना पार्ट जरूर मागा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर, बल्ब ही झिजणारी वस्तू, त्यांना नेहमीची वॉरंटी सहसा नाही. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या त्या कंपनीची.

बाहेरच्या गॅरेजबद्दल मात्र सांगायलाच हवं. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 च्या आदेशात 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोठावला. त्या आदेशात आयोगाने म्हटलं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही; बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, आणि वर्कशॉपमध्ये अजूनही जुनंच ऐकवतात. तरी फॉग लॅम्पसाठी वायरिंग कापून जोड दिला असेल, तर वायरिंगचा क्लेम नाकारला जाणारच. वायर न कापता गाडीच्या मूळ जोडणीत बसणारं कपलर-टू-कपलर किट वापरा.

एक्स्टेंडेड वॉरंटी बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंतच देतात, आणि जितका उशीर तितकी किंमत चढते. घेताना काय वगळलंय ती यादी वाचा. सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबराचे बुश बऱ्याचदा या वगळलेल्यांत असतात.

क्लेम अडला तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, सोबत जॉबकार्डाचे फोटो. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. त्यानेही हललं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. शोरूम पुण्या-कोल्हापूरचं असलं तरी आपण राहतो तिथे तक्रार करता येते. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि ते कारण कधी घडलं हे दाखवायला जॉबकार्डावरची तारीखच लागते.