डच कोठारात खिळे होते, आणि जहाजे नव्हती

‘अमेरिकेत डच राजवटीत बांधलेली कोठारे जुन्या जहाजांच्या लाकडाची, दुमडलेल्या छपराची, एकही खिळा नाही, म्हणून आजवर टिकली’ असा मजकूर लाल कोठाराच्या फोटोसह फिरतो आहे. त्यातले जवळजवळ काहीच खरे नाही.

आधी राजवट. न्यू नेदरलँड ही अमेरिकेतली डच वसाहत १६६४ मध्ये इंग्रजांकडे गेली. न्यूयॉर्कमधल्या हडसन, मोहॉक, स्कोहॅरी नद्यांच्या खोऱ्यांत आणि न्यू जर्सीत उभी असलेली बहुतेक कोठारे १८व्या शतकातली आणि १९व्याच्या सुरुवातीची आहेत. न्यू जर्सीत पार्क रिज येथे संग्रहालय म्हणून जपलेले वॉर्टेंडाइक कोठार सुमारे १७७० चे. बांधणारे डच वंशाचे शेतकरी, शेजारचे जर्मनही, राज्य आधी इंग्रजांचे, मग स्वतंत्र अमेरिकेचे.

जहाजांचे लाकूड? दारात पाइन आणि ओकचे जंगल असताना बंदरावरून ओंडके कोण ओढत आणेल? तुळईवर रिकाम्या खाचा दिसल्या की ही कल्पना सुचते. त्या खाचा सहसा आधीच्या एखाद्या कोठाराच्या असतात. लाकूड पुन्हा वापरायची रीतच होती. सांध्यांवर कोरलेले रोमन आकडे सुतारांचे. प्रत्येक सांध्याची लाकडे एकमेकांवर ठेवून, आखून, जुळवून कापलेली असत, म्हणून कोणते टोक कोणत्या खांबात जायचे याची ती खूण.

छप्पर साधे दुपाखी आणि उभट. दुमडलेल्या, म्हणजे मध्येच उतार बदलणाऱ्या पाख्यांची कोठारे अमेरिकेत पुढे, माळ्यावर जास्त गवत मावावे म्हणून रूढ झाली. (इंग्लंडमध्ये तर ‘डच बार्न’ म्हणजे भिंती नसलेली गवताची पत्र्याची शेड. तिचा इथे काही संबंध नाही.)

आता खिळे. मुख्य सांगाड्यात ते नाहीत, एवढेच खरे. बाहेरच्या आडव्या फळ्या आणि छपरावरच्या लाकडी चिपा लोहाराने घडवलेल्या खिळ्यांनीच ठोकत. मळणीच्या खळ्याच्या जाड फळ्या मात्र अनेकदा नुसत्या मांडलेल्या.

टिकण्याचे कारण सांगाड्यात आहे. दोन खांब आणि त्यांना जोडणारी जाडजूड तुळई, असा इंग्रजी ‘एच’सारखा साचा, असे साचे एकामागे एक उभे करून मध्ये खळे आणि दोन्ही बाजूंना गुरांच्या पडव्या. गाडी टोकाच्या, छपराच्या त्रिकोणाखालच्या भिंतीतल्या दारातून आत येई. तुळईचे टोक कोरून जीभ करत. ती खांबातून आरपार जाऊन पलीकडे वीतभर बाहेर डोकावे, आणि बाहेरून तिच्यात पाचरा ठोकत. ती जीभ शोभेची नाही. पाचरेच्या पुढे लाकूड उरले नाही तर ताण येताच भोकाची कड फुटते. डागडुजीत ‘उगाच बाहेर आलेली’ जीभ करवतीने छाटणे, हा म्हणूनच घातक प्रकार. गवताला किंवा यंत्राला जागा हवी म्हणून तुळईच कापली, तर खांब बाहेर फाकू लागतात.

बाकी घात पाणी करते. छपराची एक चीप सरकली की पाणी थेट खांबांच्या माथ्यावरच्या लांब तुळईत मुरते, आणि पडवीतले शेण-मूत पायातली उंबऱ्यासारखी तुळई कुजवते. पाया कुजून एक खांब खचला की वरचा सांधा ओढला जातो आणि पाचरा ढिल्या पडतात. म्हणून असे कोठार बघायला गेलात तर खिळे मोजू नका. आधी वाकून खांबांचे पाय बघा, मग त्या जिभा.