नुसतं बघतोय

मोठ्या दुकानात 'नुसतं बघतोय' म्हणायची सोय असते. सेल्समन मागे मागे आला की हे वाक्य टाकायचं, तो निमूट दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जातो, आपण एसीची हवा खात चार शर्ट उलटेपालटे करायचे आणि हात हलवत बाहेर पडायचं. कुणाला काही वाटत नाही, कारण तो शर्ट शिवणारा माणूस कुठल्या कुठे आहे आणि आपण नाक मुरडल्याचं त्याला जन्मात कळणार नाहीये.

छोट्या क्रिएटिव्ह शॉपमध्ये हे चालत नाही. प्रिंट्स, पिना, हाताने केलेले मग, कानातली, दोन-चार जॅकेटं असं सगळं एका खोलीत मांडलेलं असतं ना, ती दुकानं म्हणतोय मी. तिथं ते सगळं बनवणारी व्यक्ती (किंवा बनवणाऱ्यांची जवळची मैत्रीण) कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसलेली असते, आणि आपण तिच्याकडे बघत नाहीयोत असं आपण दाखवत असतो, ती आपल्याकडे बघत नाहीये असं ती दाखवत असते, आणि खोलीत तिसरं कुणी नसतं. दार उघडताना घंटी किणकिणलेली असते, त्यामुळे चोरपावलांनी परतायचा मार्गही बंद.

बायकोला हे छान जमतं. ती आत जाते, "अय्या, किती गोड!" म्हणते, तीन वस्तूंचं मनापासून कौतुक करते, इन्स्टाग्रामवर फॉलो करते, "मी विचार करून सांगते हं" म्हणून बाहेर येते आणि मालकीण खूश, ही पण खूश, पाकीट जिथल्या तिथं. मी मात्र एखादी वस्तू उचलली की संपलो. उचलून लगेच खाली ठेवली तर अपमान, फार वेळ हातात धरली तर घेतल्यात जमा, आणि या दोन्हीच्या मधला जो काही सभ्य कालावधी असेल तो मला अजून सापडलेला नाही.

परवा असाच एक मग हातात आला. बायको तेवढ्यात फोन आला म्हणून बाहेर गेलेली (तिला बरोबर अशाच वेळी फोन येतात). टेबलापाशी बसलेली मुलगी उठून आली आणि म्हणाली, "काका, तो स्टोनवेअर आहे." काका! असो. मग तिनं सांगितलं की माती सुकताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्के आकसते, भट्टी बाराशे अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि एवढं सगळं होऊन तो मग फुटला नाही हीच मोठी गोष्ट. मला तर हातातल्या मगाबद्दल एकदम आदरच वाटायला लागला, म्हटलं एवढ्या आगीतून आला बिचारा. मी मान डोलावत तो उलटा करून बघितला, कारण जाणकार माणसं भांडी उलटी करून बघतात. बुडाला खरखरीत उघडी माती. तिनं लगेच सांगितलं, बुडाला ग्लेझ लावत नाहीत, ग्लेझ म्हणजे शेवटी काचच, भट्टीत वितळली की अख्खा मग खालच्या फळीला कायमचा चिकटणार. हे मला खरंच माहीत नव्हतं आणि ऐकून मजा वाटली. हँडलमध्ये मात्र माझं एकच बोट गेलं, दुसरं वेटिंगवर. मी काही बोललो नाही. बाराशे अंश सोसून आलेल्या माणसाला तू जरा अरुंद आहेस असं कोण सांगणार?

मग जॅकेट. नीळ वापरून रंगवलेलं, फ्री साइज. फ्री साइज म्हणजे जे कुणालाच नीट बसत नाही म्हणून कुणाचीच तक्रार नसते ते. कपडा निळीच्या पिंपातून बाहेर काढताना हिरवट-पिवळा दिसतो आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळा होत जातो, असं ती इतकं रंगून सांगत होती की "नको" म्हणायची फटच सापडेना आणि मी ट्रायलला गेलो. ट्रायल रूम म्हणजे एक पडदा, आणि आरसा पडद्याच्या बाहेर. ही व्यवस्था ज्यानं काढली त्याला माणसाच्या मनाची पुरेपूर ओळख असणार, कारण आपण कसे दिसतोय हे आपल्याआधी दुकानाला कळतं. मी बाहेर आलो तर ती म्हणाली, "मस्त फॉल आहे." आरशात मला एक गवंडी दिसत होता जो आज कामावर गेला नाहीये. वर सल्ला, की पहिले काही दिवस फिक्या रंगाच्या सोफ्यावर बसू नका, रंग लागतो. आमचा सोफा फिकाच आहे. देवाच्या दयेनं एवढं एक कारण मिळालं आणि जॅकेट वाचलं. म्हणजे मी वाचलो.

या दुकानांत दुसरी पंचाईत अशी की विकायचं काय आणि वापरातलं काय हे कळता कळत नाही. कात्री खिळ्याला लटकवलेली आहे, शेजारी त्याच उंचीवर कानातली लटकवलेली आहेत. स्टुलावर बसायचं की त्याच्याकडे बघायचं? माझ्यासमोर एक बाई आल्या, त्यांनी भिंतीवरच्या निळ्या-काळ्या डागांच्या एका कापडाकडे बोट करून "हे फ्रेम करून मिळेल का?" विचारलं. ते शाईचा रोलर पुसायचं फडकं होतं. आणि खरं सांगू, त्या बाईंचं काही चुकलं असं मला वाटत नाही, तिथलं सगळ्यात चांगलं चित्र तेच होतं. मार्सेल दुशाँ या फ्रेंच कलाकारानं १९१७ मध्ये मुतारीचं भांडं आडवं करून प्रदर्शनाला पाठवलं तेव्हापासून आपण सामान्य माणसं या बाबतीत धोका पत्करतच नाही, फडकं दिसलं तरी आधी मान तिरकी करतो.

त्या बाईंनी जाता जाता लिनोकटच्या एका प्रिंटकडे बघून ते जगप्रसिद्ध वाक्य पण टाकलं, "हे काय, घरीसुद्धा होईल." त्या मुलीचा चेहरा मी बघितला. तुम्हीपण कधी हे म्हणत असाल तर एकदा करून बघाच. लिनो म्हणजे लिनोलियम, १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजानं जवसाच्या तेलापासून जमिनीवर अंथरायला केलेली वस्तू, म्हणजे कुणीतरी चक्क फरशीच कोरून चित्र छापायला लागलं. त्यात कोरायचं सगळं उलटं, अक्षरंसुद्धा आरशातली. आणि त्या बाईंनी नावं ठेवलेला प्रिंट होता रिडक्शनचा. म्हणजे पहिला रंग सगळ्या कागदांवर छापून घ्यायचा, मग तोच तुकडा आणखी कोरायचा, त्यावरून दुसरा रंग छापायचा, परत कोरायचा. शेवटाला येईपर्यंत लिनो जवळजवळ संपलेला असतो आणि मधे कुठं हात चुकला तर मागे जाता येत नाही. पिकासोनं १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून या पद्धतीनं बरंच काम केलं. "म्हणजे हा परत छापता येणार नाही?" मी विचारलं. "कधीच नाही," ती म्हणाली. बोलण्यात काही आग्रह नव्हता हो, नुसती माहिती, पण मला उगाच पृथ्वीवरच्या शेवटच्या पक्ष्याकडे पाठ फिरवून चाललोय असं झालं. किमतीच्या चिठ्ठीवरचा आकडा बघून मी पाठ फिरवली.

आणि अडकलो तो शेजारच्या प्रिंटवर. खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेला एकच मोजा, निळा आणि झगझगीत गुलाबी असे दोनच रंग, नाव 'सोमवार'. मला तो आवडला. बाकी सगळं बाजूला ठेवा, तो एकटा मोजा बघून मला आतून हसू आलं आणि असं भिंतीवरच्या कुठल्या वस्तूनं फार वर्षांत केलं नव्हतं. त्यात निळा आणि गुलाबी एकमेकांवर बसलेले नव्हते, मोज्याची गुलाबी टाच निळ्या रेषेच्या केसभर बाहेर आलेली. मी ते दाखवलं तर ती म्हणाली, "राइझो आहे ना, तीच तर गंमत आहे."

राइझोग्राफ म्हणजे रिसो कागाकू या जपानी कंपनीनं १९८० च्या दशकात आणलेलं छपाईचं मशीन. दिसायला झेरॉक्ससारखं, पण आत चक्क स्टेन्सिल असतं आणि एका ड्रममध्ये एकच रंग. दुसरा रंग हवा असेल तर ड्रम बदलायचा आणि तेच कागद परत घालायचे, म्हणून दोन रंग थोडे हुकतात. शाई सोयाबीनच्या नाहीतर तांदळाच्या कोंड्याच्या तेलातली, त्यामुळे ती धड वाळत नाही, बोट घासलं की बोटाला येते. आता हे मशीन मुळात होतं शाळा-ऑफिसांसाठी, भराभर स्वस्तात प्रती काढायला. म्हणजे आम्ही सहामाहीला ज्या हललेल्या, हाताला शाई लागणाऱ्या प्रश्नपत्रिका सोडवल्या, त्याच खानदानातलं हे. तेव्हा कुणी आम्हाला सांगितलं नाही की तीच तर गंमत आहे.

खाली कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक १२/५० आणि सही. एकूण पन्नास काढले, त्यातला हा बारावा. मी घेतला.

मग पॅकिंग. या दुकानांतलं पॅकिंग हा वेगळा सोहळा आहे. आधी बटर पेपर, मग मागे जाड पुठ्ठा, मग खाकी कागद, मग सुतळी, सुतळीत खोचलेलं वाळलेलं फूल, हाताने शिक्का मारलेलं कार्ड, त्यावर माझं नाव सुंदर अक्षरात आणि चुकीचं. शेवटी हे सगळं एका टोट बॅगमध्ये. "ही आमच्याकडून, ऑरगॅनिक कॉटन आहे." मी दचकलोच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये एक अहवाल काढला होता, त्यात ओझोनच्या थरापासून पाण्यापर्यंत सगळे निकष धरले तर ऑरगॅनिक कॉटनची पिशवी साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला वीस हजार वेळा वापरावी लागते असं निघालं. नुसतं हवामान बदलाचंच बघायचं तर १४९ वेळा पुरे, पण मला वीस हजारच लक्षात राहिले. रोज एकदा वापरली तर जवळजवळ पंचावन्न वर्षं. आमच्या दारामागच्या हुकावर असल्या पिशव्यांचा घड लटकतोय, प्रत्येकीचे पंचावन्न धरले तर पणतवंडांनी पण बाजारातूनच निवृत्त व्हायचं. नको म्हणावं तर ती पिशवीवरची चिमणी तिनंच काढलेली. घेतली.

बाहेर बायको फोन संपवून उभी होती. पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "पाच मिनिटं नव्हते मी," एवढंच म्हणाली.

फ्रेम करायला गेलो. फ्रेमवाल्यानं सुतळी सोडली, बटर पेपर काढला, प्रिंट उजेडात धरला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, छपाई हललीय. बिल असेल तर बदलून मिळेल." मी त्याला ड्रम, स्टेन्सिल, सोयाबीनचं तेल सगळं सांगितलं, तीच तर गंमत आहे हेसुद्धा सांगितलं, आणि बोलताना लक्षात आलं की माझा आवाज हुबेहूब त्या मुलीसारखा निघतोय. तो समजूतदारपणे ऐकत होता, हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांचं ऐकतात तसा. काच साधी की यूव्हीवाली विचारलं, कारण हा गुलाबी उन्हात उडणार हे त्यानं बघताक्षणी ओळखलं होतं. फ्रेमचा खर्च प्रिंटच्या वर गेला हे सांगायला नकोच, तो नेहमीच जातो.

आठवड्यानं आणायला गेलो. काम सुरेख, कोपरे एकदम जुळलेले, चित्राभोवती पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट. मी खाली वाकून बघितलं तर सही नाही, नंबर नाही, माउंटची पट्टी बरोबर त्याच्यावरून गेलेली.

"अहो, खालचं पेन्सिलीचं झाकलं गेलंय."

"मुद्दामच झाकलं साहेब," तो म्हणाला, "पन्नासपैकी बारा काय लोकांना दाखवायचे?"