पाच किलोचं पातेलं

आमच्याकडच्या निळ्या पातेल्याची किंमत घरात प्रत्येकाला वेगळी ठाऊक आहे. सासूबाईंना अडीच हजार, भांडी घासणाऱ्या मावशींना आठशे, माझ्या आईला नुसतंच "सेलमध्ये होतं गं". खरा आकडा नवऱ्याला आणि त्याच्या क्रेडिट कार्डाला माहीत. आठशे ऐकूनसुद्धा मावशी "फसवलं की तुम्हाला, ताई" म्हणाल्या, तेव्हा मी विषय तिथेच मिटवला.

पातेलं बिडाचं, वर काचेचा मुलामा. तो रंग नव्हे. काचेची पूड चढवून ८०० अंशांच्या आसपास भाजतात, ती वितळून बिडाला धरते. हे ज्ञान मला आहे, कारण नवरा येईल त्या पाहुण्याला ते देतो. चहा उकळेपर्यंत १९२५ साल, उत्तर फ्रान्समधलं फ्रेन्वा-ल-ग्राँ गाव, ओतकामातला एक आणि मुलाम्यातला एक असे दोन बेल्जियन गृहस्थ आणि त्यांनी काढलेली 'ल क्रूझे' कंपनी, इथवर आम्ही पोचलेले असतो. आमचं पातेलं त्या कंपनीचं नाहीच! पण सत्यनारायण कुणाच्याही घरी असो, कथा तीच.

फोडणी हा काही या पातेल्याचा प्रांत नाही. सोबतची पुस्तिका सांगते, आच मंद ते मध्यम ठेवा, रिकामं तापवू नका. बीड तापतं सावकाश. तेलात मोहरी टाकून मी उभी, मोहरी तळाशी निवांत बसलेली. जरा गॅस वाढवावा तर सगळी एकदम तडतडते, आणि मग गॅस बंद केला तरी आवरत नाही, कारण तापलेलं बीड निवायलाही सवड काढून बसतं. पहिल्याच दिवशी लसूण गुलाबी, तांबूस, तपकिरी होत होत माझ्यादेखत काळी पडली, बंद गॅसवर. आता फोडणी कढल्यात करते आणि वरून ओतते. म्हणजे हजारोंच्या पातेल्याला शंभराच्या कढल्याची सोबत लागते.

बाकी सोवळं तर विचारूच नका. तारेची घासणी चालत नाही, लोखंडी उलथनं चालत नाही, गरम असताना गार पाणी घातलं तर मुलामा तडकायची भीती. सांडशी लावली की काठाचा टवका उडतो म्हणे. तसंही सांडशीने उचलणार कोण? झाकणासकट पाच किलोच्या वर भरतं, आमटीचं वजन वेगळं. कडीला दोन्ही हातांनी फडकी धरायची, श्वास रोखायचा आणि घरातल्या सगळ्यांना "बाजूला व्हा" असं ओरडायचं. धुते मीच, मऊ स्पंजने, सगळी भांडी झाल्यावर. मावशी कंबरेवर हात ठेवून बघत उभ्या असतात.

पण खोटं कशाला बोलू, आंबटाला या भांड्याला तोड नाही. अळूचं फदफदं लोखंडी कढईत करा, चिंचेने काळंठिक्कर होतं. पितळेत करायचं तर कल्हई हवी. सासूबाई अजून सांगतात, कल्हईवाला दारात भाता घेऊन बसायचा, नवसागराचा धूर निघायचा आणि कापडाच्या एका हाताने आतून चांदी व्हायची. ती कल्हई झिजायची, मग पुन्हा त्याची वाट बघायची. मुलामा सांभाळला तर ते दुखणं नाही. आणि काळ्या वाटाण्याची उसळ किंवा मटण मंद आचेवर तासन्‌तास ठेवलं तर तळाला लागत नाही, रस्सा असा काही जमून येतो की बोटं चाटावी. थालीपीठ मात्र साध्या बिडाच्या तव्यावरच, तिथे फ्रान्सचं काही काम नाही.

तेव्हा किंमत वसूल होते का? ज्यांच्याकडे रोज तासन्‌तास शिजवायला वेळ आहे, त्यांची होत असेल. आमच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्यांवर सबंध घर ऑफिसला जातं.

थंडीत सासूबाईंनी त्याचा कब्जा घेतला. कोमट दुधाला विरजण लावलं, झाकण घातलं. बिडाने ऊब धरून ठेवली आणि सकाळी दही सुरीने कापावं असं. तेव्हापासून पातेलं दह्याचं. परवा नवऱ्याने मित्रांना खास 'फ्रेंच पातेल्यातलं मटण' खायला बोलावलं, तर आत दही लागत होतं. सासूबाई हलवू देईनात. मटण कुकरमध्ये झालं, आणि मित्रांनी पातेल्याला नावाजत नावाजत रस्सा ओरपला. नवरा मान डोलवत वाढत होता.