‘गाठीला सुई लावू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

चिपळूण-गुहागरकडच्या बचत गटांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. स्तनातल्या गाठीला सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो. चार पेशींवरून ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडल्यात त्याचा अंक, सांगणं ही थाप. ग्रेड तीन म्हणजे खेळ खलास. त्यापेक्षा गाठ थेट कापून टाका.

‘सुईने पसरतो.’ सुईच्या वाटेत मोजक्या पेशी सरकू शकतात, एवढं खरं. त्यामुळे बाई लवकर दगावते असं दिसलेलं नाही. गाठ अंगावर काढली की ती वाढते, हे मात्र दिसतं.

‘चार पेशींवरून ग्रेड कसला?’ बारीक सुईने काढलेल्या पेशी काचेवर पसरून, रंगवून बघतात, तीच एफएनएसी. तिच्यासाठी रॉबिन्सनची पद्धत १९९४ पासून आहे. पेशी एकमेकींपासून किती सुटल्यात, केवढ्या आहेत, एकसारख्या आहेत का, केंद्रकाची (पेशीच्या गाभ्याची) कड कशी, त्यातलं क्रोमॅटिन (डीएनएचं जाळं) कसं, केंद्रिका (गाभ्यातला ठिपका) किती ठळक, अशा सहा गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण. बेरीज ६ ते ११ आली तर ग्रेड एक, १२ ते १४ दोन, १५ ते १८ तीन. थाप मारणारा एवढी बेरीज कशाला करत बसेल? स्लाइड मात्र नीट हवी. अल्कोहोलमध्ये बुडवायला उशीर झाला की पेशी फुगतात, कडा पुसट होतात. वाळवून रंगवायच्या स्लाइडला आपली जुलैतली दमट हवा नडते.

मर्यादाही आहेत. कॅन्सर दुग्धनलिकेतच आहे की बाहेर शिरलाय, हे एफएनएसीत कळत नाही. त्यासाठी जाड सुईची कोअर बायोप्सी. तिच्यात सलग तुकडा येतो, औषध ठरवायला लागणाऱ्या ईआर, पीआर (संप्रेरकांच्या) आणि हर-टू (एका प्रथिनाच्या) तपासण्याही त्यावर नीट होतात. ऑपरेशननंतर ग्रेड बदलूही शकतो. मेसेजवाल्याने यावर बोट ठेवलं असतं तर मी मान डोलावली असती.

‘ग्रेड तीन म्हणजे शेवट.’ ही स्टेजशी केलेली गल्लत. पेशी किती बिघडल्यात ते ग्रेड सांगतो. रोग कुठवर गेलाय ते स्टेज. काखेत न पोचलेली छोटी गाठही ग्रेड तीनची असू शकते. आणि भराभर वाढणाऱ्या पेशींवर केमो अनेकदा जास्त चांगली लागू पडते. ऑपरेशनआधी केमो द्यायची असेल तर ग्रेड आधीच कळलेला बरा, कारण औषधाने पेशींचं रूप पालटतं.

‘थेट कापून टाका’ हा सल्ला सगळ्यात घातक. बऱ्याच गाठी कॅन्सरच्या नसतातच. असलीच, तर निदानाशिवाय काढताना कडेला रोग उरतो, काखेकडे कुणी बघत नाही, आणि बाईला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. सुईचा रिपोर्ट निर्धोक, पण हाताला किंवा सोनोग्राफी-मॅमोग्राफीत गाठ संशयास्पद, असं असेल तर घरी बसू नका. डॉक्टरांना कोअर बायोप्सीबद्दल विचारा.