त्रिवेणी संशोधन : एका अनुभवी माणसाच्या सूचना

पहाटे साडेचारला तुमच्या इनबॉक्समध्ये एक मेल येऊन पडलेली असते. ‘परमआदरणीय, जगद्विख्यात प्राध्यापक महोदय’ अशी सुरुवात. वर्गातल्या मुलांना तुमचं आडनाव धड ठाऊक नाही, आणि इकडे कुणीतरी जगद्विख्यात म्हणतंय! मेलमध्ये एका आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय नियतकालिकाचं आमंत्रण असतं. कणभौतिकी, पुरातत्त्व, कला व्यवस्थापन, मत्स्यपालन, नर्सिंग, सगळ्या विषयांतले लेख चालतील. अठ्ठेचाळीस तासांत प्रसिद्धी. प्रमाणपत्र रंगीत.

ही मेल डिलीट करू नका. बढतीचा अर्ज तोंडावर आलाय आणि पॉइंट कमी पडतायत, ही बातमी तुमच्या घरच्यांच्या आधी त्या पाठवणाऱ्याला लागलेली आहे. असा हितचिंतक नशिबाने मिळतो.

विषय निवडताना मत्स्यपालन आणि नर्सिंग तेवढे सोडा. तिथे चुकलं की मासे मरतात, माणसं मरतात, लगेच कळतं. पहिले तीन घ्या, आणि तिन्ही एकदम घ्या. एकाच विषयात संशोधन करणाऱ्याचा घात ठरलेला असतो, कारण त्या विषयातला माणूस व्हायव्हाला समोर येऊन बसतो. तीन विषय घेतले की भौतिकीवाला खापरांच्या प्रकरणावर मान डोलावतो, पुरातत्त्ववाला समीकरणांच्या पानावर नुसता चष्मा पुसतो, आणि कला व्यवस्थापनाला काय, जेवणाची व्यवस्था नीट झाली की तो विषय समजला असं सगळेच मानतात.

शीर्षकासाठी कष्ट नकोत. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या आवारात नटराजाची दोन मीटर उंच मूर्ती उभी आहे. मूर्ती आली म्हणजे पुरातत्त्व आलं, सर्न आलं म्हणजे कण आले, नृत्य आलं म्हणजे तिकीटविक्री आली. लिहा : ‘नटराज, हिग्ज बोसॉन आणि प्रेक्षागृह व्यवस्थापन : एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ : शिरूर तालुका)’. मूर्ती भारत सरकारने २००४ साली भेट दिली, हा तपशील मात्र लेखात घालू नका. ती तिथे सापडली अशी वाचकाची समजूत झाली, तर ती मोडायची जबाबदारी आपली नाही.

शिरूर तालुका का, असं कुणी विचारलं तर इनामगावचं नाव घ्या. घोड नदीकाठचं हे ताम्रपाषाणयुगीन गाव डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं उकरलं. सांकलिया आणि ढवळीकर यांच्यासारखी माणसं दरवर्षी जाऊन तंबू ठोकायची, घरांच्या जमिनी ब्रशने झाडायची, जळके दाणे निवडायची. इतक्या वर्षांत त्यांना काय मिळालं, तर लोक काय खात होते, घरं चौकोनी होती की गोल, मेलेल्या मोठ्या माणसाचे पाय घोट्यापासून तोडून मग का पुरायचे, असले प्रश्न. अहवाल कधी निघाला? १९८८ साली. आजच्या हिशेबाने एवढ्या काळात माणूस सहायक प्राध्यापकाचा प्राचार्य होऊन निवृत्त होतो. एवढ्या उन्हात एक तरी आंतरराष्ट्रीय चर्चासत्र घेतलं असतं, तर शाली तरी जमल्या असत्या.

उत्खनन करायचंच असेल तर जपानच्या शिनिची फुजिमुरांचा आदर्श ठेवा. हा गृहस्थ जाईल तिथे दगडी हत्यारं सापडायची. लोक ‘देवाचे हात’ म्हणायचे. जपानमधल्या मानवी वस्तीचा काळ त्यांनी एकट्याने लाखो वर्षं मागे नेला, पाठ्यपुस्तकं बदलायला लावली. गुपित सोपं होतं. जी वस्तू सापडायची ती आदल्या दिवशी स्वतः पुरून ठेवायची. पंधरा वर्षं उन्हात उकरत बसण्यापेक्षा ही पद्धत किती सुटसुटीत! चूक एकच झाली, पहाटे खड्डा करताना आजूबाजूला बघितलं नाही. ‘मायनिची’ वर्तमानपत्राच्या लोकांनी लपून कॅमेरा लावला होता आणि नोव्हेंबर २०००मध्ये फोटो पहिल्या पानावर आले. तुम्हाला ही भीती नाही. आपल्याकडे कुठल्याही वर्तमानपत्राला संशोधकाच्या मागे पहाटे उठून जावंसं वाटलेलं नाही.

इंग्रजांनी हेच काम जास्त टिकाऊ केलं होतं. ससेक्समधल्या पिल्टडाउनला १९१२ साली आदिमानव सापडला. कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले आणि सगळं रंगवून जुनं केलेलं. १९५३पर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षं, तो मानवाचा पूर्वज म्हणून नांदला. त्याच जागी पुढे हत्तीच्या हाडाचं एक अवजार निघालं, ते दिसायला थेट क्रिकेटच्या बॅटसारखं. आदिमानव इंग्रज असल्याचा याहून भक्कम पुरावा कुणाला हवा होता? ऐकणाऱ्याला जे सापडायला हवं असतं ते आपण सापडवलं, की मधले प्रश्न आपोआप गळतात. आपल्याकडे यासाठी बॅट लागत नाही, पुराणातलं विमान पुरतं.

आता कणभौतिकी. या विषयाची मोठी सोय म्हणजे लेखकांची यादी. २०१५ साली सर्नच्या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर एक निबंध काढला. पानं तेहतीस. त्यातला निबंध संदर्भांसकट नऊ पानांत संपतो. उरलेली चोवीस पानं लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावं आहेत. लेखक ५,१५४. आपल्याकडे लग्नपत्रिकेत ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत एवढी नावं बसत नाहीत. तेव्हा विभागप्रमुख, प्राचार्य, संस्थेचे सचिव आणि गाईडचे मेहुणे यांची नावं घालताना मनाला लावून घेऊ नका.

पण या लोकांच्या बाकीच्या सवयी वाईट. एक उदाहरण देतो, म्हणजे सावध राहाल. सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण जमिनीतून सुमारे ७३० किलोमीटर जाऊन इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत पोचायचे. २०११ साली ऑपेरा नावाच्या प्रयोगाला आढळलं, की ते प्रकाशापेक्षा साठ नॅनोसेकंद लवकर पोचतायत. आइनस्टाइन चुकला! तुमच्या-माझ्या हाती असं काही लागलं असतं तर गावात मिरवणूक निघाली असती. या मंडळींनी काय केलं? सगळे आकडे जगापुढे ठेवले आणि म्हणाले, आमचं कुठे चुकतंय ते शोधायला मदत करा. स्वतःही शोधत बसले. काही महिन्यांनी एक प्रकाशतंतूची केबल नीट बसलेली नाही असं निघालं. तेही त्यांनीच जाहीर केलं. मग मार्च २०१२मध्ये प्रयोगाच्या दोन प्रमुखांनी राजीनामे दिले. केबल सैल होती म्हणून राजीनामा! आमच्या कॉलेजात प्रोजेक्टरची केबल सात वर्षं सैल आहे, कुणाची खुर्ची हलली नाही.

आपली माणसंही यात मागे नाहीत. टीआयएफआरचे, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खाली उतरले आणि १९६५ साली वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो टिपून वर आले. सोन्याच्या खाणीत जाऊन न्यूट्रिनो घेऊन येणाऱ्यांकडून संसाराच्या काय अपेक्षा ठेवायच्या!

यापुढची सूचना सगळ्यात महत्त्वाची. तीन विषय एका लेखात सुखाने नांदू द्या, पण त्यांची एकमेकांशी ओळख होऊ देऊ नका. एकदा ओळख झाली की काय होतं ते त्याच ग्रान सासोच्या डोंगराखाली बघायला मिळतं.

तिथल्या क्युओरे या प्रयोगाला एक अत्यंत दुर्मीळ घटना पकडायची आहे. त्यासाठी उपकरणाभोवती शिशाचं चिलखत लागतं, म्हणजे बाहेरचा किरणोत्सार आत येत नाही. अडचण अशी, की ताज्या शिशात स्वतःचाच थोडा किरणोत्सार असतो, शिसे-२१० नावाचा. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे बावीस वर्षं. म्हणजे पहारेकरीच घोरतो, तर चोराची चाहूल कशी लागणार? शिसं शेकडो वर्षं मुरलेलं हवं. आणि सार्डिनियाच्या किनाऱ्याजवळ इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात बुडालेलं एक रोमन जहाज सापडलं होतं, शिशाच्या लगडींनी भरलेलं. एकेक लगड सुमारे तेहतीस किलोची, दोन हजार वर्षं समुद्रतळाशी निवांत पडलेली.

भौतिकीवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. पुरातत्त्ववाल्यांच्या पोटात गोळा आला, कारण हे लोक त्या लगडी वितळवणार होते. तुमच्या आजीचा पितळी हंडा मोडीत घालायला कुणी मागावा तसं ते. मग समझोता झाला. समुद्रातलं उत्खनन करायला पैसे नव्हते, ते भौतिकीच्या राष्ट्रीय संस्थेने दिले. २०१० साली १२० लगडी संग्रहालयातून डोंगराखाली गेल्या. लगडींवर शिसं गाळणाऱ्या रोमन मालकांची नावं ठशाने उठवलेली होती. तेवढा भाग कापून पुरातत्त्वासाठी जपून ठेवला, उरलेलं चिलखतात गेलं. या देवघेवीला किती वर्षं लागली, किती पत्रं गेली असतील, याचा नुसता विचार करा. शिवाय भौतिकीवाल्याला रोमन व्यापार समजून घ्यावा लागला आणि पुरातत्त्ववाल्याला अर्धायुष्य. आणि इतकं करून कुणीही ‘नटराज’ म्हणालं नाही.

भौतिकशास्त्रज्ञ लुइस अल्वारेझ तर त्याहून पुढचे. नोबेल मिळालेला माणूस साठच्या दशकात इजिप्तला गेला आणि आकाशातून येणारे म्यूऑन नावाचे कण मोजून खाफ्रेच्या पिरॅमिडात गुप्त दालन आहे का ते बघत बसला. जेवढा भाग तपासला तेवढ्यात दालन नाही, असं उत्तर आलं. तर १९७० साली ‘नाही’ असं छापलं! नाही हे कुणी छापतं का? तुमच्या लेखात दालन असू द्या. म्यूऑन कुणी मोजायला येत नाही. (खुफूच्या पिरॅमिडात २०१७ साली याच पद्धतीने किमान तीस मीटर लांबीची पोकळी खरंच आढळली. पण पन्नास वर्षं थांबायला आपल्याकडे वेळ कुठे आहे?)

कला व्यवस्थापनाचं प्रकरण लेखाच्या शेवटी टाका आणि त्यात ‘परिप्रेक्ष्य’, ‘भागधारक’, ‘सांस्कृतिक भांडवल’ हे शब्द आळीपाळीने वापरा. बोमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवलं, की कारखान्यात तेच काम कमी माणसांत होत जातं, पगार वाढतात. पण चौघांनी वाजवायची रचना आजही चौघांनीच आणि तितकाच वेळ वाजवावी लागते, म्हणून नाटक-संगीताचा खर्च वाढतच राहतो. हे नीट समजून घ्यायचं तर एखाद्या नाट्यगृहाच्या बुकिंग खिडकीमागे संध्याकाळभर बसावं लागेल. तारखा कुणाला मिळतात, नटाची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, किती, भाडं आणि जाहिरात गेल्यावर निर्मात्याच्या हातात काय उरतं, हे तिथला माणूस चहाच्या एका कपात सांगतो. म्हणून तर तिथे जाऊ नका. त्याने सांगितलेलं कळतं, आणि कळणाऱ्या गोष्टीला पॉइंट नसतात. त्यापेक्षा शिफारस करा : तबलजींनी डाव्या हाताने पेटीही वाजवावी.

लेख तयार झाला की साम्य तपासणी, म्हणजे दुसऱ्यांचं किती उचललंय ते सॉफ्टवेअरने बघणं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्याला माफी आहे. उरलेलं उचललेलं असेल तर शब्द बदला. मूलकण हे ‘मुळाचे दाणे’ करा, कृष्णविवर हे ‘काळं भोक’, ताम्रपाषाणयुग म्हणजे ‘तांब्यादगडाचा जमाना’, नाट्यसंमेलन म्हणजे ‘नाटकी जमाव’. सॉफ्टवेअर काही बोलणार नाही. वाचणाऱ्याला संशय येईल, पण वाचणारा कुठून आणणार?

नाकारला जाण्याची भीती मनातून काढून टाका. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एका पत्रकाराने ढोबळ चुका पेरलेला खोटा निबंध वाचायला मोफत असलेल्या ३०४ नियतकालिकांना पाठवला होता, १५७ जणांनी स्वीकारला. त्या नियतकालिकांत सर्वांत मोठा वाटा भारतातल्यांचा होता. देश आपल्या पाठीशी आहे.

शेवटी सहलेखकाचं. यूजीसीच्या २०१८च्याच दुसऱ्या एका नियमावलीत दोन लेखक असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के गुण मिळतात, म्हणजे बेरीज एकशेचाळीस. सहकारी घेतला तर तो ते सत्तर घेऊन तुमच्याच आधी बढतीला लागेल. म्हणून मांजर बघा. मिशिगनच्या जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने १९७५ साली खरंच घेतलं होतं. एकट्याच्या निबंधात सगळीकडे ‘आम्ही’ पडलं होतं, टाइपरायटरवर पुन्हा सगळं टंकायचा कंटाळा आला, म्हणून त्याने आपल्या चेस्टर या सयामी मांजराला एफ. डी. सी. विलार्ड असं भारदस्त नाव देऊन सहलेखक केलं. निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये छापून आला, आणि पुढे काही प्रतींवर सहलेखकाच्या सहीच्या जागी पंजाचा ठसा उमटला. आपल्याकडे मात्र आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला, सही केलेल्या तीन प्रती लागतात, स्वसाक्षांकित. शाईचा पॅड मोठा घ्या, आणि शाई निळीच असू द्या.